सतरा उमेदवार आणि एक आघाडी : २०१६ च्या रिपब्लिकन प्रायमरीतल्या मतविभागणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आपल्याकडे पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे वरून ठरतं. संसदीय मंडळ, पक्षश्रेष्ठी, शेवटच्या रात्रीच्या बैठका, आणि ज्याला तिकीट मिळालं नाही त्याची बंडखोरी हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेत हा निर्णय मतदार घेतात. एकेका राज्यात पक्षांतर्गत मतदान होतं, त्याला प्रायमरी किंवा कॉकस म्हणतात, आणि त्यातून राज्याराज्याचे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, उमेदवारांच्या खात्यात जमा होतात. ठरलेला आकडा गाठला की उमेदवारी पक्की. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४७२ डेलिगेट होते आणि बहुमताचा आकडा होता १,२३७.

१६ जून २०१५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये उमेदवारी जाहीर केली, तेव्हा बरेच जण आधीच मैदानात होते. पुढच्या काही आठवड्यांत दखल घ्यावी अशा उमेदवारांची संख्या सतरावर गेली. फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश, त्याच राज्याचे सिनेटर मार्को रुबियो, टेक्सासचे टेड क्रूझ, ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक, न्यू जर्सीचे ख्रिस ख्रिस्ती, विस्कॉन्सिनचे स्कॉट वॉकर, डॉक्टर बेन कार्सन, लुइझियानाचे बॉबी जिंदाल, कार्ली फिओरिना, रिक पेरी आणि इतर. ६ ऑगस्टला क्लीव्हलंडमध्ये उमेदवारांची पहिली जाहीर चर्चा झाली तेव्हा सगळे एका मंचावर मावेनात. देशभरच्या जनमत चाचण्यांत वरच्या दहा क्रमांकांवर असलेले मुख्य कार्यक्रमात आले आणि उरलेल्या सात जणांची चर्चा संध्याकाळी लवकर उरकली. चाचण्यांत ट्रम्प पहिले, म्हणून मंचावर मधली जागा त्यांची.

कागदावर हे मैदान दमदार होतं. गव्हर्नर, सिनेटर, अनुभवी संघटक, भरपूर पैसा. बुश यांच्या पाठीशी असलेल्या ‘राइट टू राइज’ या सुपर पॅकने (उमेदवारासाठी पण त्याच्या मोहिमेबाहेर राहून अमर्याद पैसा उभा करणारी संस्था) २०१५ च्या पहिल्या सहामाहीतच दहा कोटी डॉलरहून अधिक गोळा केले होते. ट्रम्प यांना चाचण्यांत साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा पाठिंबा दिसत होता, म्हणजे बाकी दोन तृतीयांश मतदार दुसरीकडे होते. या दोन तृतीयांशांचं काय झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

नियमांचा भाग

हा भाग रुक्ष वाटेल, पण तो वगळून पुढचं काही समजणार नाही.

२०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना उमेदवारी मिळवायला फार काळ झगडावं लागलं, असं पक्षाच्या धुरिणांना वाटत होतं. म्हणून २०१६ साठी वेळापत्रक आवळलं. सुरुवातीची चार राज्यं सोडून, १५ मार्चच्या आधी मतदान घेणाऱ्या राज्यांनी डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटायचे आणि १५ मार्चपासून ‘जिंकेल त्याला सगळे’ ही पद्धत वापरायला मोकळीक. अधिवेशनही जुलैवर आणलं. आघाडीवर असलेल्या, सर्वमान्य उमेदवाराचा निकाल लवकर लागावा हा त्यामागचा हेतू. आघाडीवर कोण असेल याची कल्पना मात्र नियम करणाऱ्यांना नव्हती.

शिवाय ‘प्रमाणात’ हा शब्दही सरळ नव्हता. अनेक राज्यांनी २० टक्क्यांची अट घातली होती. राज्यात २० टक्क्यांच्या खाली राहिलात तर राज्यपातळीवरच्या डेलिगेटमधला वाटा गेला. १ मार्चच्या ‘सुपर ट्युसडे’ला, म्हणजे अनेक राज्यं एकाच वेळी मतदान करतात त्या मंगळवारी, रुबियो यांचं याच अटीने किती नुकसान केलं ते पाहा. टेक्सासमध्ये त्यांना १७.७ टक्के मतं मिळाली आणि १५५ पैकी ३ डेलिगेट. अलाबामात १८.७ टक्के मतं आणि ५० पैकी १ डेलिगेट. व्हर्माँटमध्ये १९ टक्क्यांच्या थोडं वर, आणि हाती शून्य. दर पाच-सहा मतदारांमागे एकजण ज्याच्या बाजूने उभा राहिला, त्याच्या पदरात जवळपास काहीच पडलं नाही.

साऊथ कॅरोलायनाचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. तिथे २० फेब्रुवारीला ट्रम्प यांना ३२.५ टक्के, रुबियो यांना २२.५, क्रूझ यांना २२.३ टक्के मतं पडली. बुश, केसिक आणि कार्सन प्रत्येकी सात-आठ टक्क्यांवर. राज्यात पहिला येईल त्याला राज्याचे २९ डेलिगेट, आणि सात मतदारसंघांत जिथे जिथे पहिला येईल तिथले तीन-तीन, असा नियम होता. ट्रम्प सगळीकडे पहिले आले. ३२.५ टक्के मतांवर ५० पैकी ५० डेलिगेट. आपल्याकडच्या चौरंगी लढतीत तीस-बत्तीस टक्क्यांवर आमदार निवडून येतो तोच हिशेब, पण आपल्याकडे तो एका मतदारसंघापुरता असतो. इथे एका संध्याकाळी अख्खं राज्य गेलं. आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि साऊथ कॅरोलायना या पहिल्या तीन राज्यांनंतर ट्रम्प यांच्याकडे ६७ डेलिगेट होते, क्रूझ यांच्याकडे ११ आणि रुबियो यांच्याकडे १०.

अडचण नेमकी काय होती

मतं विभागली गेली म्हणून ट्रम्प जिंकले, हे वाक्य सगळे म्हणतात. ते अर्धवट आहे. मतं आपोआप विभागली जात नाहीत. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने स्वतःपुरता शहाणपणाचा निर्णय घेतला आणि त्या निर्णयांची बेरीज सगळ्यांच्या मुळावर आली.

हिशेब असा होता. आघाडीवरच्या माणसावर हल्ला चढवायचा तर पैसा आपला जाणार, चिखल आपल्या अंगावर उडणार, आणि त्याची फुटलेली मतं कुणाकडे जातील याचा भरवसा नाही. शेजारच्यावर हल्ला केला तर त्याची मतं आपल्याकडे येण्याची शक्यता जास्त, कारण मतदार सारखाच. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकाचे उमेदवार एकमेकांना खाली ओढत राहिले आणि पहिल्याला कुणी हात लावेना. रिक पेरी यांनी जुलै २०१५ मध्येच ट्रम्प यांच्यावर अतिशय कडक भाषण केलं होतं. ११ सप्टेंबरला ते शर्यतीतून बाहेर पडले. बुश मंचावर ट्रम्प यांना भिडत राहिले आणि त्यांचा आकडा खाली सरकत राहिला. बाकीच्यांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यांना वाटत होतं की ट्रम्प आपोआप कोसळतील. डिसेंबर २०१५ मध्ये क्रूझ यांच्या एका खासगी बैठकीतलं बोलणं बाहेर आलं. ट्रम्प आणि कार्सन यांना आपण जवळ धरून ठेवायचं, त्यांच्या मोहिमा आपल्या वजनानेच खाली येतील आणि त्यांचे बहुतेक समर्थक आपल्याकडे वळतील, असा त्यांचा आडाखा होता. कार्सन यांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा ठरला. ट्रम्प यांच्या बाबतीत साफ चुकला. पण ते कळेपर्यंत जो काळ गेला तो परत मिळणारा नव्हता.

समोर असलेले पर्याय

धोका कुणाला दिसलाच नव्हता असं नाही. २१ सप्टेंबर २०१५ ला स्कॉट वॉकर यांनी माघार घेतली तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की इतरांनीही असाच विचार करावा, म्हणजे मतदारांना आघाडीवरच्या उमेदवाराला पर्याय म्हणून मोजक्या नावांकडे पाहता येईल. मतदान सुरू व्हायला तेव्हा चार महिन्यांहून अधिक काळ होता. त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत प्रामाणिक क्षण होता.

ढोबळमानाने चार वाटा होत्या. पहिली, सगळ्यांनी मिळून ट्रम्प यांच्यावर हल्ला चढवायचा. दुसरी, मागे पडलेल्यांनी लवकर माघार घेऊन एकास एक लढत घडवायची. तिसरी, राज्यं वाटून घ्यायची, म्हणजे ज्याचं जिथे वजन तिथे बाकीच्यांनी हात आखडता घ्यायचा. चौथी, कुणीही १,२३७ गाठू नये एवढंच पाहायचं आणि क्लीव्हलंडच्या अधिवेशनात फैसला करायचा.

पहिल्या वाटेत पुढाकार कुणी घ्यायचा हा प्रश्न होता. दुसरीत माघार कुणी घ्यायची हा. माघार घेणाऱ्याला लगेच काही मिळत नाही आणि त्यागाचं फळ प्रतिस्पर्ध्याच्या ताटात पडतं. तिसरी वाट दोघांचा एकमेकांवर विश्वास असेल तरच चालते. चौथीला कुणाचा त्याग लागत नव्हता, म्हणून ती सगळ्यांना आवडली. पण तिचा परिणाम उलटा झाला. ‘अधिवेशनात बघू’ म्हटलं की प्रत्येकाला शर्यतीत राहायला कारण मिळतं, आणि सगळे शर्यतीत राहिले की आघाडीवरचा पुढे सरकत राहतो.

निर्णयाचे प्रसंग

पहिला प्रसंग न्यू हॅम्पशायरचा. १ फेब्रुवारीला आयोवात क्रूझ २७.६ टक्क्यांवर पहिले, ट्रम्प २४.३ वर दुसरे आणि रुबियो २३.१ वर तिसरे आले. ट्रम्प हरू शकतात हे दिसलं आणि पक्षाच्या मध्यममार्गी गटाला रुबियो यांच्या रूपाने एक नाव मिळेल असं वाटू लागलं. पुढचं मतदान ९ फेब्रुवारीला. त्याच्या तीन दिवस आधी, शनिवारी रात्री मँचेस्टरमध्ये चर्चा झाली. ख्रिस ख्रिस्ती यांनी रुबियो यांना धारेवर धरलं. त्यांचा मुद्दा साधा होता : हे सिनेटर पाठ केलेली पंचवीस सेकंदांची भाषणं म्हणून दाखवतात. रुबियो यांनी उत्तरादाखल ओबामांबद्दलचं जे वाक्य थोड्या वेळापूर्वी म्हटलं होतं तेच जवळपास शब्दशः पुन्हा म्हटलं. ख्रिस्ती यांनी बोट दाखवलं, हे बघा, आलं तेच. रुबियो यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं. सभागृहात हुर्यो उडाली. मंचाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या ट्रम्प यांना या झटापटीत काही करावंच लागलं नाही.

मंगळवारी निकाल आला. ट्रम्प ३५.३ टक्के. केसिक पावणेसोळा, क्रूझ साडेअकराच्या पुढे, बुश ११, रुबियो साडेदहा, ख्रिस्ती ७.४. केसिक, बुश, रुबियो आणि ख्रिस्ती हे चौघे साधारण एकाच प्रकारच्या मतदाराकडे मत मागत होते. त्यांची बेरीज ४४ टक्क्यांच्या वर जाते. ख्रिस्ती सहावे आले आणि दुसऱ्याच दिवशी बाहेर पडले. २६ फेब्रुवारीला त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला. रुबियो यांना रोखून त्यांना स्वतःला काही मिळालं नाही, पण आयोवानंतर तयार होऊ लागलेली एकजूट मोडली. बुश यांच्या सुपर पॅकनेही या काळात कोट्यवधी डॉलर रुबियो यांच्याविरुद्धच्या जाहिरातींवर घालवले.

दुसरा प्रसंग साऊथ कॅरोलायनानंतरच्या दहा दिवसांचा. २० फेब्रुवारीच्या रात्री बुश यांनी माघार घेतली. पण फ्लोरिडाचा हा माजी गव्हर्नर आपल्याच राज्यातल्या मतदानापर्यंत कुणालाही पाठिंबा न देता थांबला. त्यांनी क्रूझ यांना पाठिंबा दिला तो २३ मार्चला, फ्लोरिडा होऊन आठवडा उलटल्यावर. केसिक ओहायोच्या १५ मार्चच्या मतदानासाठी थांबले, कारण ते त्यांचं घरचं राज्य. रुबियो फ्लोरिडासाठी थांबले. क्रूझ १ मार्चच्या टेक्सासपर्यंत थांबले आणि तिथे ४३.८ टक्क्यांनी जिंकल्यावर बाहेर पडायचं त्यांना काही कारणच उरलं नाही. प्रत्येकाला एक घर होतं आणि प्रत्येकाला ते राखायचं होतं. रुबियो आणि क्रूझ यांनी ट्रम्प यांच्यावर पहिला एकत्रित, जोरकस हल्ला केला तो २५ फेब्रुवारीच्या ह्यूस्टनच्या चर्चेत. तोवर चार राज्यं होऊन गेली होती आणि त्यातली तीन ट्रम्प यांनी जिंकली होती.

सुपर ट्युसडेला अकरा राज्यांपैकी सात ट्रम्प यांच्याकडे गेली. त्यातल्या व्हर्जिनियाकडे बारकाईने पाहण्यासारखं आहे. ट्रम्प ३४.८ टक्के, रुबियो ३२. फरक सुमारे २९ हजार मतांचा. केसिक यांना तिथे ९७ हजारांवर मतं मिळाली. डेलिगेटच्या हिशेबात यातून फारसं बिघडलं नाही, कारण व्हर्जिनियात वाटप खरोखरच प्रमाणात होतं : ट्रम्प १७, रुबियो १६. बिघडलं ते बातमीत. त्या रात्री रुबियो यांनी मिनेसोटा जिंकलं, पण व्हर्जिनियासारखं मोठं राज्यही जिंकलं असतं तर दुसऱ्या दिवशी देणगीदारांनी आणि मतदारांनी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. मतविभागणीचं नुकसान मोजताना आपण डेलिगेट मोजतो. पण ‘हा जिंकू शकतो’ हा समजही त्याच मतांनी घडतो किंवा मोडतो.

तिसरा प्रसंग १५ मार्चचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ३ मार्चला मिट रॉम्नी यांनी सॉल्ट लेक सिटीत भाषण करून राज्यं वाटून घेण्याची वाट उघडपणे सुचवली. फ्लोरिडात रुबियोंना मत द्या, ओहायोत केसिकना, जिथे जो ट्रम्पना हरवू शकेल त्याला. १५ मार्चला फ्लोरिडाचे ९९ आणि ओहायोचे ६६ डेलिगेट ‘जिंकेल त्याला सगळे’ पद्धतीने जाणार होते. रुबियो यांच्या प्रवक्त्याने जाहीरपणे सांगितलं की ओहायोत ट्रम्प यांना रोखायचं असेल तर आमच्या समर्थकांनी केसिक यांना मत द्यावं. हे सोपं पाऊल नव्हतं. केसिक यांच्या गोटातून उत्तर आलं ते असं की ओहायो आम्ही त्यांच्या मदतीशिवायही जिंकणार होतो आणि फ्लोरिडा ते आमच्या मदतीशिवाय हरणार आहेत. परतफेड नाही. क्रूझ यांनी तर फ्लोरिडात नव्याने कार्यालयं उघडली. त्यांचा हिशेब असा की रुबियो घरात हरले की बाहेर पडतील आणि मग आपली एकास एक लढत सुरू होईल. त्यासाठी ट्रम्प यांच्या खात्यात ९९ डेलिगेट गेले तरी चालतील.

निकाल : फ्लोरिडात ट्रम्प ४५.७, रुबियो २७, क्रूझ १७.१, केसिक ६.८ टक्के. सगळे ९९ ट्रम्प यांना. रुबियो त्याच रात्री बाहेर. ओहायो केसिक यांनी जिंकलं आणि ते जिंकल्यामुळेच पुढे सात आठवडे शर्यतीत राहिले. त्याच दिवशी मिसुरीत ट्रम्प यांनी क्रूझ यांना १,९६५ मतांनी हरवलं. केसिक यांना तिथे ९४ हजारांवर मतं पडली होती. ५२ डेलिगेटपैकी ट्रम्प ३७, क्रूझ १५.

चौथा प्रसंग एप्रिलचा, तोवर वेळ जवळपास निघून गेली होती. २४ एप्रिलच्या रविवारी रात्री क्रूझ आणि केसिक यांच्या मोहिमांनी समझोता जाहीर केला : केसिक इंडियाना सोडतील, क्रूझ ओरेगन आणि न्यू मेक्सिको. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियातल्या एका डायनरमध्ये पत्रकारांनी केसिक यांना विचारलं, मग इंडियानातल्या तुमच्या समर्थकांनी काय करायचं? त्यांनी सांगितलं की मला मत देऊ नका असं मी कधी म्हटलेलं नाही, त्यांनी मलाच मत द्यायला हवं. समझोता एक दिवसही टिकला नाही. नेत्यालाच आपल्या मतदाराला दुसरीकडे जा असं स्वच्छ सांगता येत नसेल, तर मतदार कशाला जाईल?

निकाल

मध्ये एकदा एकजूट झाली तेव्हा काय होतं तेही दिसलं. ५ एप्रिलला विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर वॉकर क्रूझ यांच्या पाठीशी उभे राहिले. क्रूझ यांना ४८.२ टक्के, ट्रम्प यांना ३५, केसिक यांना १४ टक्के. ४२ पैकी ३६ डेलिगेट क्रूझ यांचे. पण वेळापत्रकात पुढे न्यूयॉर्क होतं. १९ एप्रिलला ट्रम्प यांनी आपलं घरचं राज्य ६० टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकलं. एखाद्या राज्यात निम्म्याहून अधिक मतं त्यांना मिळाली ती तिथे पहिल्यांदा. आठवड्याने ईशान्येची पाच राज्यं, सगळीकडे निम्म्याहून अधिक. ३ मे रोजी इंडियानात ट्रम्प ५३ टक्के, क्रूझ ३६ टक्क्यांच्या थोडं वर. क्रूझ त्याच रात्री बाहेर पडले आणि केसिक दुसऱ्या दिवशी. २६ मे रोजी ट्रम्प यांनी १,२३७ चा आकडा ओलांडला. शेवटी एकूण मतांतला त्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या जवळ होता.

फेब्रुवारीत ३२–३५ टक्क्यांवर असलेला माणूस एप्रिलअखेर निम्म्याच्या पुढे गेला, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. विभागलेल्या मैदानाने त्यांना मुख्यतः वेळ मिळवून दिला. एक तृतीयांश मतांवर जिंकत राहिल्यामुळे ते रोज ‘विजेते’ म्हणून टीव्हीवर दिसले, कुंपणावरचे नेते त्यांच्याकडे वळले, आणि साधा मतदार त्यांना उमेदवार म्हणून स्वीकारू लागला. मार्च २०१६ पर्यंत त्यांना जवळपास दोन अब्ज डॉलर किमतीची फुकट प्रसिद्धी मिळाल्याचा अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला होता. विरोधक एक होईपर्यंत त्यांना एक होऊन हरवण्याएवढी मतं शिल्लक राहिली नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

याचं उत्तर चार वर्षांनी दुसऱ्या पक्षाने दिलं. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात बर्नी सँडर्स आघाडीवर होते आणि बाकीचे विभागलेले. २९ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलायनात जो बायडन मोठ्या फरकाने जिंकले. १ मार्चला पीट बुटिजेज बाहेर पडले, २ मार्चला एमी क्लोबुशार, आणि त्याच रात्री डॅलसमध्ये दोघांनीही बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चच्या सुपर ट्युसडेला चौदापैकी दहा राज्यं बायडन यांनी जिंकली. त्यात क्लोबुशार यांचं मिनेसोटाही होतं, जे २०१६ मध्ये सँडर्स यांनी जिंकलं होतं.

दोन्ही प्रसंगांतला फरक केवळ धैर्याचा नव्हता. बायडन हे माजी उपाध्यक्ष, बहुतेकांना दुसरी पसंती म्हणून चालणारे. २०१६ मध्ये असं नाव नव्हतं. रुबियोंचे मतदार क्रूझ यांच्याकडे सहज जाणारे नव्हते, आणि क्रूझ यांचे अनेक मतदार ट्रम्प यांच्याच जवळचे होते. क्रूझ सिनेटमधल्या स्वतःच्या सहकाऱ्यांनाही फारसे प्रिय नव्हते. म्हणूनच ‘बाकीच्यांची बेरीज ट्रम्पपेक्षा जास्त’ हा युक्तिवाद मी वर केला असला तरी तो जपून वापरायला हवा. न्यू हॅम्पशायरच्या चौघांना तो लागू पडतो, कारण ते खरोखर एकाच कप्प्यातले होते. साऊथ कॅरोलायनात रुबियो आणि क्रूझ यांची बेरीज करताना मी तो तितक्या खात्रीने करणार नाही.

तरीही तीन ठिकाणी वेगळा निर्णय शक्य होता असं मला ठामपणे वाटतं. वॉकर यांच्या आवाहनानंतर, २०१५ च्या शरद ऋतूत, एक-दोन टक्क्यांवर असलेल्यांना थांबण्यासारखं काही नव्हतं. बुश यांनी २० फेब्रुवारीच्या रात्री माघारीबरोबरच पाठिंबा जाहीर करायला हवा होता. सुपर ट्युसडेला दहा दिवस होते आणि त्यांच्या शब्दाला फ्लोरिडात वजन होतं. आणि केसिक यांनी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रुबियोंनी पुढे केलेला हात धरायला हवा होता. फ्लोरिडातल्या त्यांच्या ६.८ टक्क्यांनी निकाल बदलला नसता, हे खरं. पण ती परतफेड झाली असती तर क्रूझ यांच्यावर दबाव आला असता, आणि मिसुरीसारख्या राज्यात त्याच रात्री क्रूझ यांना उलट मदत मिळाली असती. तिथे फरक दोन हजारांपेक्षाही कमी होता.

नियमांच्या बाजूनेही करण्यासारखं होतं. २० टक्क्यांची अट आणि ‘जिंकेल त्याला सगळे’ हे दोन्ही एकाच वेळी, सतरा उमेदवारांच्या शर्यतीत ठेवणं म्हणजे पहिल्याला भरघोस बक्षीस देणं होतं. डेमोक्रॅटिक पक्षात सगळीकडे प्रमाणशीर वाटप आणि १५ टक्क्यांची अट आहे. तिथे एक तृतीयांश मतांवर अख्खं राज्य घेता येत नाही. २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या राज्यांत डेमोक्रॅटिक मतदारांना पसंतीक्रम देता आला, म्हणजे आपला उमेदवार मागे पडला तर मत पुढच्या पसंतीकडे जाणार. न्यू हॅम्पशायरच्या चौघांच्या मतदारांना ही सोय असती, तर माघार कुणी घ्यायची या वादाचं वजनच कमी झालं असतं. नेत्यांना जो त्याग जमला नाही तो मतपत्रिकेने करून टाकला असता.

२०२४ चा दाखला देऊन काही जण म्हणतात की विभागणीचा मुद्दाच फोल आहे. त्या वर्षी ट्रम्प यांनी आयोवात ५१ टक्के मतं घेतली, २१ जानेवारीला रॉन डिसँटिस बाहेर पडले आणि दोनच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये निकी हेली यांना २०१६ मध्ये कुणालाही न मिळालेली एकास एक लढत मिळाली. त्या ४३ टक्क्यांवर थांबल्या, ट्रम्प ५४ वर. पण २०२४ चे ट्रम्प हे चार वर्षं अध्यक्षपद भोगलेले, पक्षाची यंत्रणा हाती असलेले नेते होते. २०१६ च्या फेब्रुवारीत याच न्यू हॅम्पशायरमध्ये शंभरातल्या पासष्ट रिपब्लिकन मतदारांनी त्यांना मत दिलं नव्हतं, आणि ते अर्ध्या डझन नावांमध्ये वाटले गेले होते.